‘कुणीतरी केलंय’ : यातुविधीतील प्रतीक आणि आपले संशोधन

१

लोकसाहित्यावरील आपल्या पदव्युत्तर प्रकल्पांत आणि पीएच.डी.च्या प्रबंधांतही ‘लोकश्रद्धा व प्रतीके’ अशा शीर्षकाचे एक प्रकरण बहुधा असतेच. त्या प्रकरणात एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात वस्तू, उजव्या रकान्यात तिचा अर्थ. लिंबू म्हणजे मस्तक, नारळ म्हणजे नरबळीचा पर्याय, कुंकू म्हणजे रक्त, काळी बाहुली म्हणजे शत्रू, सुई म्हणजे वेदना. तक्ता नीटनेटका असतो, परीक्षकाला तो बरा वाटतो आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तो जवळजवळ तसाच उतरवून घेतो. प्रस्तुत लेखकानेही असे तक्ते तपासले आहेत आणि त्यांना गुण दिले आहेत. आज त्यांविषयी माझी तक्रार आहे, आणि ती केवळ पद्धतिशास्त्रापुरती नाही.

काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातील एका प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला बसलो होतो. परिशिष्टात ‘माहितीदात्यांची यादी’ होती आणि तिच्याखाली एका विधवेचे संपूर्ण नाव, गाव व वय देऊन ‘करणी करणारी म्हणून परिसरात प्रसिद्ध’ अशी नोंद होती. तिची मुलाखत मात्र कोठेच नव्हती. का, असे विचारले तेव्हा विद्यार्थी सहजपणे म्हणाला, “सर, तिच्याकडं कुणी जात नाही.” ते नाव मी खोडायला लावले. पण घरी परतताना लक्षात आले की, खोडायला हवे होते ते नावापेक्षा अधिक काहीतरी होते. ज्या प्रकरणात वस्तूंचे अर्थ इतक्या आत्मविश्वासाने दिले होते, त्याच प्रकरणाच्या तर्काने त्या बाईचे नाव परिशिष्टात येऊन बसले होते. वस्तूला अर्थ आहे असे एकदा ठरले की तो अर्थ घालणारा कोणी असलाच पाहिजे, आणि तो कोण हे सांगायला गाव तयारच असते.

यातुविधीतील प्रतीकाचा अर्थ वस्तूत साठवलेला नसतो. ती वस्तू कोण, कोठे आणि कोणाविरुद्ध वाचतो यावर तो ठरतो. हे वाचन नोंदवल्यावाचून प्रतीकांचा अभ्यास पुरा होत नाही, हे येथे मांडावयाचे आहे.

२

यातुविद्येची उपपत्ती सांगताना आपण फ्रेझरपासून आरंभ करतो. ‘द गोल्डन बाऊ’ हा त्याचा ग्रंथ १८९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. यातुक्रियेच्या मुळाशी दोन तत्त्वे असतात असे त्याने सांगितले : सादृश्य आणि संसर्ग. बाहुलीला टोचले की माणसाला टोचते, हे सादृश्य. माणसाची नखे, केस, अंगावरचे वस्त्र किंवा पायाखालची माती हाती आली की माणूस हाती येतो, हा संसर्ग. रोमान याकोबसनने १९५६ साली या दोन तत्त्वांची सांगड भाषेतील दोन व्यापारांशी घातली, हेही आपण वर्गात शिकवतो.

परंतु काव्यशास्त्र शिकवणाऱ्यास हा विभाग नवा वाटू नये. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेचे जे भेद येतात त्यांत सादृश्यावर उभी असलेली गौणी आणि सादृश्येतर संबंधावर उभी असलेली शुद्धा असा भेद आहेच. मुलाला ‘सिंह’ म्हणणे एका बाजूला, गंगेच्या तीरावरील वस्तीला ‘गंगेवरची वस्ती’ म्हणणे दुसऱ्या बाजूला. बाहुली आणि नख यांचा संबंध याच दोन वाटांनी माणसाशी जोडलेला असतो. म्हणून यातुविधी आणि काव्य एकाच मुळातून फुटले, असे विधान अनेक प्रबंधांत मोठ्या समाधानाने केलेले आढळते. समीक्षेची भाषाही त्याला दुजोरा देते. कविता आपल्याला ‘भारून’ टाकते, ‘झपाटते’, तिच्या शब्दांत ‘जादू’ असते.

येथे एक गोष्ट निसटते. लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध ही आहे. मुलगा सिंह नाही, हे ठाऊक असल्याशिवाय ‘सिंह’ या शब्दाचा लाक्षणिक अर्थ उभाच राहत नाही. काव्यातील प्रतीकाचा सारा प्राण या ‘नाही’मध्ये आहे. यातुविधीत हाच बाध विधीपुरता बाजूला ठेवला जातो. लिंबू बाजारातून पैसे देऊन आणलेले आहे, हे ते कापणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी कापण्याच्या क्षणी ते लिंबू नसते. काव्यात प्रतीक सुचवते, विधीत ते करते. आपल्या भाषेने हे अचूक हेरले आहे. ‘करणी’ हा शब्द ‘करणे’ या धातूपासून आला आणि अथर्ववेदातील ‘कृत्या’ही ‘कृ’पासूनच. दोन्ही शब्दांत अर्थापेक्षा कृतीला महत्त्व आहे. म्हणून ‘याचा अर्थ काय’ हा काव्याला विचारायचा प्रश्न जसाच्या तसा करणीला विचारला की उत्तर चुकते. तेथे विचारायचा प्रश्न आहे : यातून काय घडले, आणि कोणाचे?

३

तक्त्याची पद्धत कोठे कोसळते हे पाहण्यासाठी एकच वस्तू घेऊ. ती बीड जिल्ह्यातील घराघरांत ठाऊक असलेली आहे. बिबा.

बिब्याचे फळ काळे, त्याचा रस दाहक. पायाला भेगा पडल्या की जुनी माणसे बिबा तापवून त्याचे तेल लावत. धोबी कपड्यांवर ओळखीची खूण करण्यासाठी हाच रस वापरीत, कारण ती खूण धुण्याने जात नाही. याच फळातील गर म्हणजे गोडंबी; ती डिंकाच्या लाडवात घालतात आणि बाळंतिणीला खाऊ घालतात. दुकानाच्या दारावर, ट्रॅक्टरच्या तोंडाशी लिंबू-मिरचीची जी माळ बांधतात, तीतही बिबा ओवलेला असतो. तेथे तो दृष्ट अडवतो. आणि मराठवाड्यात ज्या प्रकाराला ‘भानामती’ म्हणतात, त्यात अंगावर उमटणाऱ्या काळ्या फुल्या याच बिब्याच्या असतात.

औषध, शाई, पौष्टिक अन्न, राखण आणि बाधा. तक्त्याच्या उजव्या रकान्यात यांपैकी काय लिहावे? ‘बिबा : अशुभनिवारक’ असे लिहिले तर भानामतीचे काय, आणि ‘बिबा : बाधेचे चिन्ह’ असे लिहिले तर दारावरच्या माळेचे काय? वस्तू तीच आहे. बदलते ते तिचे स्थान, तिचा प्रसंग आणि तिच्याकडे पाहणारा डोळा. दारावरचा बिबा मालकाने स्वतः बांधलेला असतो, म्हणून तो राखण करतो. अंगावरची फुली कोणी काढली हे ठाऊक नसते, म्हणून ती बाधा ठरते. कर्ता माहीत असला की प्रतीक मंगल, कर्ता अज्ञात असला की अमंगल. हे सूत्र सर्वत्र लागू पडेल असा माझा दावा नाही. परंतु तक्त्यापेक्षा ते अधिक समजावून देते.

भानामतीच्या फुलीचे एक भौतिक वैशिष्ट्यही ध्यानात घ्यावे लागते. बिब्याचा रस त्वचेला लागला की खूण लगेच दिसेलच असे नाही. दाह आणि डाग काही काळाने उठतो. खूण उमटते तेव्हा ती काढणारा हात तेथे नसतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशा घटनांची उकल करताना हे प्रयोगाने दाखवले आहे, आणि त्यांच्या तपासात बहुतेक वेळा हात घरातल्याच कोणाचा तरी, कित्येकदा त्रास भोगणाऱ्या व्यक्तीचाच, निघाला आहे. कधी जाणूनबुजून, कधी असह्य मानसिक ताणाखाली. सासरी बोलण्याची सोय नसलेल्या एखाद्या सुनेला आपले दुःख सांगण्यासाठी स्वतःच्या कातडीवाचून दुसरा कागद उरलेला नसतो.

येथे बीड जिल्ह्यातीलच दुसऱ्या एका वस्त्राची आठवण होते. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरणाचा विषय सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडी पासोडीवर अक्षरांनी आणि आकृत्यांनी मांडला. पासोडीवरील प्रत्येक खुणेला लिहिणारा आहे आणि वाचणाऱ्याने ती समजून घ्यावी अशी तिची अपेक्षा आहे. साडीवर किंवा पोटरीवर उमटलेल्या बिब्याच्या फुलीलाही लिहिणारा असतो. फक्त त्याने, किंवा तिने, आपण लिहिले असे म्हणायची सोय नसते. पासोडी हे मराठी ग्रंथरचनेचे वैभव म्हणून आपण शिकवतो. ती दुसरी लिपी वाचण्याचे साधन मात्र आपण विद्यार्थ्याच्या हाती दिलेले नाही.

४

आता भाषेकडे वळू. गावात एखादी म्हैस दूध देईनाशी होते, पोर सुकते, लेक माहेरी परत येते. तेव्हा जे वाक्य उच्चारले जाते ते असे : “कुणीतरी केलंय.” व्याकरणाच्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहून पाहावे. क्रियापद सकर्मक आहे, पण कर्म उच्चारलेले नाही. काय केले हे सांगावे लागत नाही. कर्ता आहे, पण तो ‘कुणीतरी’ आहे. वाक्य पूर्ण वाटते, परंतु त्यात एक रिकामी जागा ठेवलेली आहे, आणि ती जागा भरली जाईपर्यंत घराला स्वस्थता नसते.

ही जागा भरण्याचे काम देवऋषी करतो. तो प्रश्न विचारतो, तांदळाचे दाणे मोजतो, लिंबू पाण्यात सोडतो, अंगात आणतो. या साऱ्या विधींतून तो एखादा गूढ अर्थ उकलतो असे आपल्या प्रबंधांत लिहिलेले असते. प्रत्यक्षात तो वाक्यातला कर्ता शोधत असतो. तो बहुधा नाव घेत नाही. दिशा सांगतो, ‘तुमच्या उगवतीला राहणारी’, ‘भावकीतली’, ‘पांढऱ्या कपाळाची’. उरलेले नाव ऐकणारा स्वतः पुरवतो, आणि ते नाव त्याच्या मनात आधीपासूनच असते. बांधाचा वाद असतो, वाटणीचा राग असतो, मूल नसलेल्या जावेविषयी भीती असते. करणीचे प्रतीक असे शेवटी वाचणाराच लिहीत असतो. दारात लिंबू खरोखर कोणी ठेवले होते की वाऱ्याने माळेतून सुटून पडले होते, याने काही फरक पडत नाही. ते वाचले गेले, एवढे पुरेसे असते.

आणखी एक शब्द पाहा. अशा त्रासाला ‘बाहेरचं’ म्हणतात. भानामतीचा हात बहुधा घरातला असतो. तरी भाषा त्याला घराबाहेर ठेवते. घराला आपल्या आतले दुःख पाहायचे नसते, म्हणून ते बाहेर एक माणूस शोधते. भानामती, करणी, हडळ, चेटकीण या शब्दांचे व्याकरणिक लिंगच स्त्रीलिंग आहे, याकडे आपण विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. पण ज्या दोन स्त्रिया या शब्दांखाली सापडतात त्यांच्याकडे वेधत नाही. एक, जिच्या अंगावर फुली उमटली. दुसरी, जिचे नाव घेतले गेले.

या संदर्भात महाराष्ट्राचा कायदा आपल्या संशोधनाच्या पुढे गेलेला आहे, हे संकोच न बाळगता मान्य केले पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच नरबळी व इतर अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा अध्यादेश निघाला व डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने अधिनियम संमत केला. त्याच्या अनुसूचीत, एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते किंवा इतरांवर संकट आणते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, हा गुन्हा ठरवलेला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतची आहे. येथे बोट ठेवलेले आहे ते नाव घेण्याच्या कृतीवर. नुसते लिंबू-मिरची बांधणारा या कलमात सापडत नाही. उलट संतांच्या चमत्कारांविषयीचे वाङ्मय, कीर्तन, प्रवचन, हरिपाठ यांना कायद्याने स्पष्टपणे वगळलेले आहे. प्रतीक बाळगणे वेगळे आणि प्रतीकाच्या आधारे माणसावर आरोप करणे वेगळे, हा विवेक कायद्याच्या मसुद्यात आहे. तो आपल्या तक्त्यात नाही.

५

यावर एक आक्षेप येईल. प्रतीकाचे सामर्थ्य वाचणाऱ्यात आहे ही दृष्टी आधुनिक आहे. परंपरेचे म्हणणे तसे नाही, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर बीडच्याच भूमीत शोधता येते. आष्टी तालुक्यातील सावरगावजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांचे स्थान आहे, पाटोदा तालुक्यात चिंचोलीला गहिनीनाथगड आहे. या डोंगरपट्ट्यातील घरांत धुंडीसुत मालूचा ‘नवनाथ भक्तिसार’ (शके १७४१, इ.स. १८१९) आजही पारायणासाठी वाचला जातो.

या ग्रंथातील गोरक्षजन्माची कथा सर्वांना ठाऊक आहे. मच्छिंद्रनाथ निपुत्रिक सरस्वतीला पुत्रप्राप्तीसाठी भस्म देतात. शेजारणी तिला हसतात, भय घालतात. ती ते भस्म उकिरड्यावर टाकून देते. बारा वर्षांनी नाथ परत येतात आणि त्या उकिरड्यातून गोरक्ष बाहेर येतो. गहिनीची कथाही अशीच. गोरक्ष संजीवनी मंत्राचा पाठ करीत असताना खेळणारी मुले त्याच्याकडे मातीच्या गाडीसाठी गाडीवान मागतात. मंत्र मुखात असतानाच तो मातीचा पुतळा घडवतो आणि पुतळा सजीव होतो. या दोन्ही कथांत प्रतीकाला वाचणाऱ्याच्या श्रद्धेची गरज नाही. सरस्वतीने विश्वास ठेवला नाही तरी भस्म फळले. मुलांनी खेळणे मागितले आणि माणूस मिळाला. प्रतीक स्वयंभू समर्थ आहे, हाच येथील बोध. ग्रंथाच्या शेवटच्या, चाळिसाव्या अध्यायात प्रत्येक अध्यायाच्या पठणाचे फळ सांगून ग्रंथही भस्माच्याच रांगेत नेऊन ठेवला आहे.

म्हणजे परंपरेत ती धारणा आहेच. परंतु परंपरेत तेवढीच एक धारणा नाही. ज्या गहिनीनाथांचा जन्म या ग्रंथाने मातीच्या बाहुल्यातून सांगितला, त्याच गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आलेला उपदेश ज्ञानेश्वरांनी आपली परंपरा म्हणून सांगितला आहे, आणि तेथे बाहुल्याचा मागमूस नाही. बीडच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी, पैठणला, एकनाथांनी तर विधीची सारी सामग्री उचलून तिचा अर्थच फिरवला. त्यांच्या विंचवाच्या भारुडात चावा आहे, वेदना आहे, अंगाराही आहे. पण विंचू कामक्रोधाचा आणि अंगारा सत्त्वगुणाचा. भुताच्या भारुडात झपाटणारा प्रत्यक्ष देव आहे. मांत्रिकाच्या विधीत नाहीसा झालेला मुख्यार्थबाध एकनाथांनी परत आणला. विंचू हा विंचू नाही, हे श्रोत्याला कळल्यावाचून भारूड उभे राहत नाही. त्याचबरोबर त्यांनी वाक्यातील रिकामी जागाही भरली : ज्याने केले तो बाहेरचा कोणी नाही, तुझ्यातच आहे. ‘कुणीतरी केलंय’ या वाक्याला मराठी वाङ्मयाने दिलेले यापेक्षा समर्थ उत्तर मला ठाऊक नाही. ते उत्तर शेजारणीचे नाव घेत नाही.

६

मग काय करावे? प्रतीकांचा अभ्यास सोडून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात मातृदेवतेच्या प्रतीकांचा मागोवा मूर्ती, नावे, क्षेत्रे आणि विधी यांच्या परस्परसंबंधातून घेतला; एका वस्तूला एक अर्थ देऊन ते मोकळे झाले नाहीत. यातुविधीच्या क्षेत्रात आपण हीच शिस्त आणखी एक पाऊल पुढे नेली पाहिजे. वस्तूची नोंद करताना ती कोणी पाहिली, कोणी ओळखली, कोणाला सांगितली, त्यानंतर घरात आणि भावकीत काय घडले, हे विचारले पाहिजे. ‘करणी केली जाते’ अशा कर्मणी प्रयोगाने प्रबंध लिहिणे थांबवले पाहिजे, कारण तो प्रयोग गावाच्या ‘कुणीतरी’ला विद्यापीठाची मान्यता देतो. ‘अमुक घरच्यांना करणीचा संशय आला’ असे लिहिल्याने शैली थोडी जड होईल, परंतु विधान खरे होईल. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांची नावे, गाव आणि ओळख पटेल असा तपशील कोठेही छापू नये. आणि शक्य असेल तेथे, सुरक्षितपणे, त्यांचेही म्हणणे ऐकावे.

मराठीत ‘उतारा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. तिठ्यावर ठेवलेला भात आणि लिंबू हा उतारा, आणि पुस्तकातून काढून घेतलेला मजकूर हाही उतारा. पहिला ठेवणारा मागे वळून पाहत नाही, असा संकेत आहे. दुसरा काढणाऱ्या आम्हा अभ्यासकांनी मात्र मागे वळून पाहिलेच पाहिजे. ज्या घरातून, ज्या बाईच्या अंगावरून आपण तो उतरवून आणला, तिचे पुढे काय झाले हे पाहणे आपल्या संशोधनाचाच भाग आहे. त्या परिशिष्टातील नाव मी खोडायला लावले तेव्हा विद्यार्थ्याने विचारले होते, “मग सर, तिच्याबद्दल काय लिहू?” मी त्याला उत्तर दिले नव्हते. आज देईन : आधी तिच्याकडे जा.